आधी पट्टी सांगा

मिरजेत तंबोरा घ्यायचा तर आधी पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सूर, सांगावी लागते. बुवांसाठी की बाईंसाठी, पेटीवरची काळी एक की काळी पाच, हे कळल्याशिवाय तारेची जाडी ठरत नाही. आणि तार ठरल्याशिवाय घोडीला कानस लावून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढण्यात अर्थ नाही. ‘आवाज गोड पाहिजे’ एवढ्या माहितीवर काहीच होत नाही.

इथल्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच पंचक्रोशीत, सांगली-मिरजेत, घरी स्पीकर-ॲम्प जुळवणारी मंडळी एकमेकांना काय सांगतात ते ऐका. ‘ही वायर टाका, खर्ज मोकळा होतो.’ ‘तो डॅक आधी काढून टाका.’ (डॅक म्हणजे डिजिटल गाणं ॲम्पला कळेल अशा सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र.) ‘स्पीकर भिंतीपासून दोन फूट पाहिजेतच.’ खोली केवढी, आवाज किती ठेवला, बसलात कुठं, आधी काय जोडलेलं होतं, याचा पत्ता नाही. म्हणजे पट्टी न सांगता स्वर लावायला सांगणं.

अनुभव आणि उपदेश यांतला फरक नम्रपणाचा नाही, हे आधी मिटवून टाकू. ‘माझ्या अल्पमतीनुसार’ असं पुढं जोडलं तरी उपदेश तो उपदेशच राहतो. उलट एखादा खडूस माणूस तिरसट सुरात पण मापांसकट सांगत असेल, तर त्याचं सांगणं सोन्यासारखं आहे. ऐकणाऱ्याला घरी जाऊन ते पडताळता येतं का, हीच कसोटी. पडताळायला जे लागतं ते सगळं म्हणजे पट्टी.

त्यात सगळ्यात मोठा वाटा खोलीचा. आपल्याकडं गाणं ऐकायची खोली बहुतेकदा दहा बाय बारा, स्लॅब दहा फुटांवर, खाली फरशी, भिंतींना गुळगुळीत गिलावा. २० अंश तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींतलं अंतर मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा आणि त्यानं ३४३ ला भागा. जो आकडा येईल त्या कंपनसंख्येला ती खोली स्वतःच घुमते. बारा फुटांना, म्हणजे ३.६६ मीटरला, ४७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं, येतात. दहा फुटांना ५६ येतात. पण उंचीही दहाच फूट असल्यामुळं ५६ वर दोन घुमारे एकमेकांवर बसतात. खोली दहा बाय दहा असेल तर तिन्ही. अशा खोलीत कुठलाही मोठा वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, नेला तरी तो ‘ढब ढब’ करणार, आणि मालक सांगत सुटणार की त्या कंपनीचे वूफर ढबढबतात.

आता खर्जाचं बघा. काळी एकच्या गायकाच्या तंबोऱ्यातली सगळ्यात खालच्या सुराची, खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. आठ फूट रुंदीच्या खोलीचा पहिला घुमारा येतो ७० ला. त्या खोलीत तोच स्पीकर, तेच रेकॉर्डिंग, तोच ॲम्प लावा, खर्ज भरून आल्यासारखा वाटेल. त्याच खोलीत काळी पाचच्या गायिकेची मैफल लावली तर तंबोऱ्याचा खर्ज ११६ च्या आसपास येतो. आठ फुटांच्या रुंदीला ७० आणि १४० लागतात, ११६ त्या दोन्हींच्या मधून सुटतो. मग ‘हे स्पीकर पुरुष आवाजाला चांगले, बायकांच्या आवाजाला पातळ’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढं दहा जणांना सांगितला जातो. मुळात जवारीमुळं तंबोऱ्याची बरीचशी ताकद वरच्या स्वयंभू स्वरांत, म्हणजे तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या सुरांत, जाते, मूळ खर्ज त्यामानानं हलका असतो. घरात तोच सगळ्यात जाड ऐकू येत असेल तर पहिला संशय खोलीवर घ्यावा. (सांगलीच्या एप्रिलात, ३८ अंशांत, ध्वनीचा वेग तीन टक्क्यांनी वाढतो आणि हे ७० चे ७२ होतात. पण एवढ्या बारकाव्यात जायची वेळ बहुतेकांवर येत नाही.)

खोली तपासायला महागडं काही लागत नाही. ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या टप्प्यानं सूर वाजवा, प्रत्येक दहा सेकंद. एकच स्पीकर कोपऱ्यात ठेवा, कारण कोपऱ्यातून खोलीचे सगळे घुमारे जागे होतात. आवाज मोजायचं ॲप लावून मोबाईल बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर, काहीतरी टेकू देऊन ठेवा. हातात धरू नका. मोबाईलचा माइक खालचे सूर कमी दाखवतो, तेव्हा आकडा खरा मानायचा नाही. शेजारच्या दोन सुरांत एकदम सहा-आठ डेसिबलची उडी किंवा खड्डा दिसतो का, तेवढंच बघायचं. मोजायचा माइक असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हेच काम नीट करतं.

मग खुर्ची हलवा. पाठ मागच्या भिंतीला टेकून बसलात तर लांबीचे सगळे घुमारे जास्तीत जास्त ऐकू येतात. बरोब्बर मध्यावर बसलात तर ४७ चा नाहीसाच होतो आणि गाणं पोकळ वाटतं. बारा फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर सुरुवात करून सहा-सहा इंच मागंपुढं सरकणं बरं पडतं. हा आकडा फक्त सुरुवात करण्यापुरता, त्याची पोथी करू नये.

भिंतीपासून दोन फुटांचा नियमही तसाच. स्पीकरच्या मागची भिंत आवाज परत फेकते आणि एका कंपनसंख्येला तो मूळ आवाजाला खाऊन टाकतो. ३४३ ला वूफरच्या कोनापासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीनं भागलं की ती सापडते. एक फूट अंतर असेल तर खड्डा २८० च्या आसपास, दोन फूट असेल तर १४० ला, तीन फूट असेल तर ९४ ला. म्हणजे दोन फुटांवर नेल्यानं खड्डा बुजत नाही, खाली सरकतो. ज्याच्या खोलीत १४० ला आधीच घुमारा आहे त्याच्याकडं तो खड्डा घुमाऱ्याला कापतो आणि ‘दोन फूट’ हा मंत्र होऊन बसतो. शेजारच्या गल्लीत तोच मंत्र तबल्याचा बाया, म्हणजे डावा डग्गा, पुसून टाकतो.

जुन्या वाड्यात वर कौलं असतील किंवा गच्चीवरच्या खोलीला पत्रा असेल, तर वरचं सगळं गणित ढिलं पडतं. खालचे सूर तिथून बाहेर निसटतात, घुमारा कमी होतो. पत्रा स्वतः थरथरतो ती वेगळी डोकेदुखी. स्लॅबच्या घरातला सल्ला पत्र्याच्या घरात चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घुमण्याइतकंच महत्त्व आवाज रेंगाळण्याला. दहा बाय बारा बाय दहाच्या खोलीचं घनफळ ३४ घनमीटर होतं. नुसती फरशी आणि गिलावा असेल तर आवाज विरायला अडीच-तीन सेकंद लागतात, देवळाच्या सभामंडपासारखं. त्यात कापसाची गादी घातलेला दिवाण, जाड पडदे, कपड्यांनी भरलेली उघडी मांडणी आली की हाच आकडा पाऊण सेकंदाच्या खाली येतो. यापेक्षा मोठा फरक कुठल्याही डॅकनं पडत नाही, हे मी बिनधास्त लिहितो. पातळ सतरंजी फक्त वरचे सूर पिते. त्यामुळं आवाज मंद वाटतो आणि खालचा घोळ आहे तसाच राहतो. चार इंची कापसाची गादी भिंतीला चिकटवून उभी केली तर ती साधारण ८५० हर्ट्झच्या वर पुरेपूर काम करते. तीच भिंतीपासून चार इंच पुढं ठेवली तर ४२० पर्यंत खाली उतरते. मधली मोकळी हवा फुकट मिळते, ती वापरावी. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल भिंतीला लावायचा सल्ला मात्र इतक्या वर्षांनंतरही मरत नाही. ट्रेचा पुठ्ठा पातळ आहे, तो वरचे काही सूर इकडंतिकडं विखुरतो आणि थोडे पितो. थर्माकोलमधून हवा आरपार जातच नाही, मग आवाज पिणार कुठून?

दुसरी पट्टी म्हणजे आवाजाची पातळी. घरगुती तुलनेत सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते, आणि ती कुणी मुद्दाम करत नाही. एखादं यंत्र अर्धा-एक डेसिबल जास्त जोरात वाजत असेल तर कानाला ते ‘जोरात’ वाटत नाही, ‘उघडं’, ‘भरदार’, ‘जिवंत’ वाटतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज हळू केला की कानाला खालचे सूर जास्त वेगानं कमी ऐकू येतात. म्हणजे नुसती पातळी बदलली तरी स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. दोन ॲम्प, दोन डॅक, दोन वायरी यांची तुलना करायची तर दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी लागते. हे कानानं जमत नाही. मल्टीमीटरनं जमतं.

१०० हर्ट्झचा स्थिर सूर लावा. स्पीकर जोडलेलाच ठेवा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा आणि व्हॉल्यूम फिरवून २.०० व्होल्ट करा. आठ ओहमला हा जेमतेम अर्धा वॅट होतो, भिण्याचं कारण नाही. दुसरं यंत्र जोडल्यावर पुन्हा १.९८ ते २.०२ च्या मध्ये आणा. इथं दोन गोष्टी चुकतात. दीड-दोनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर एसीचा सगळ्यात लहान पल्ला २०० व्होल्टचा असतो, तो २.० आणि २.१ याच्या मधलं काही दाखवतच नाही. २ किंवा २० व्होल्टचा एसी पल्ला असलेलं मीटर हवं. आणि सूर हजार हर्ट्झचा घेऊ नका, स्वस्त मीटरं ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलायला लागतात. दोन स्पीकरांची तुलना असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण त्यांची संवेदनशीलता, म्हणजे सारख्या व्होल्टला कोण किती जोरात वाजतो ते, वेगळी असते. तिथं ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा सरसर आवाज) लावून, मोबाईल एका जागी पक्का ठेवून, अर्ध्या डेसिबलच्या आत आणलं तरी खूप झालं.

पातळी जुळली की डोळे बांधून ऐकायचं, म्हणजे खरोखर पट्टी बांधून नव्हे. एकानं नाणं उडवून ठरवायचं, छाप आला तर पहिलं, काटा आला तर दुसरं, कागदावर लिहायचं आणि जोडणी ऐकणाऱ्याच्या नजरेआड ठेवायची. ऐकणाऱ्यानं आपलं उत्तर वेगळ्या कागदावर लिहायचं. असं सोळा वेळा करायचं आणि मध्ये कुणी कुणाला काही विचारायचं नाही. सोळापैकी बारा बरोबर आले तर निव्वळ नशिबानं तसं होण्याची शक्यता शंभरात चारांहून कमी असते. दहाच वेळा केलं तर आठ पुरेसे नाहीत, नऊ लागतात. बिघडतं कुठं? जोडणी बदलणाऱ्या रिलेचा ‘टिक्’ आवाज एका बाजूलाच येतो. एका ॲम्पमध्ये गाणं सुरू होण्याआधीची सरसर जास्त असते. किंवा नाणं उडवणारा मित्र हसतो. यांतलं काहीही असलं तरी सोळापैकी सोळा येतात आणि सिद्ध काहीच होत नाही.

सोळापैकी नऊ आले म्हणून उद्यापासून ‘सगळे ॲम्प सारखेच’ असं प्रवचन द्यायलाही मोकळीक मिळत नाही. त्या दिवशी, त्या कानांना, त्या स्पीकरवर, त्या गाण्यात फरक पकडता आला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मापवाल्यांचा उपदेश हा वायरवाल्यांच्या उपदेशापेक्षा बरा असतो असं मानायचं कारण नाही. दोघंही पट्टी गिळून टाकतात, फक्त मापवाल्यांच्या हातात आलेख असतो.

वायरीवरून तर घराघरांत अबोला आहे. गणित असं आहे. तांब्याच्या लवचिक दीड एमएम वायरीचा रोध मीटरला १३ मिलिओहमच्या आसपास. (दुकानात ‘दीड एमएम’ म्हणतात ते दीड चौरस मिलिमीटर, व्यास नव्हे.) ॲम्पपासून स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१३ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला यानं ०.१४ डेसिबलची घट होते, तीही सगळीकडं जवळपास सारखीच. ती कुणाला ऐकू येणार नाही. तीच वायर अर्ध्या एमएमची असेल तर रोध ०.३९ ओहम होतो. आणि ‘आठ ओहम’ लिहिलेला स्पीकर कुठं चार ओहमपर्यंत खाली, कुठं तीसपर्यंत वर जातो. आता घट चार ओहमच्या जागी ०.८ आणि तीसच्या जागी ०.१, म्हणजे सुरांचा तोल पाऊण डेसिबलनं बिघडला. हे ऐकू येऊ शकतं.

तेव्हा ‘वायर बदलली आणि आवाज सुधारला’ म्हणणारा खोटं बोलत नाही, जर तो अर्ध्या एमएमच्या, टोकं काळी पडलेल्या, डेकोरेशनच्या वायरीवरून आला असेल. ऐकणाऱ्याकडं आधीच दीड एमएम असेल तर त्याला काहीच मिळणार नाही, मीटरला हजार रुपये घातले तरी. सांगताना नव्या वायरीचं नाव सगळे घेतात, जुनीचं कुणी घेत नाही. पाणी इथं मुरतं. आणखी एक: वायरीचं टोक ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, रोध साधारण दीडपट धरा.

लहान क्लास-डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या ॲम्पच्या बोर्डांबद्दलही असंच. टीपीए ३११६ चिपचा बोर्ड घेतात, बॉक्सवर शंभर वॅट लिहिलेलं असतं. घरातला राऊटरचा जुना १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लावतात आणि मग ‘क्लास-डीमध्ये दम नाही’ असा निकाल देतात. १२ व्होल्टवर आठ ओहमला त्यातून आठ-नऊ वॅटच निघू शकतात. ही चिप चार ओहमला चॅनेलमागं पन्नास वॅट देते ती २१ व्होल्टवर. २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॅप्टर लावून मग बोला. ॲडॅप्टरचा उल्लेख नसलेलं या बोर्डाविषयीचं कुठलंही मत, चांगलं असो वा वाईट, कचऱ्यात टाकावं.

आतापर्यंतच्या चुका पैशांच्या. तबकड्यांच्या बाबतीत चूक कायमची होते. २००५ आणि २०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या कित्येक घरांत पाणी शिरलं. पूर नसला तरी पावसाळ्याच्या दमटपणानं तबकड्यांवर पांढरी बुरशी धरतेच. त्यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ‘माझ्या तबकड्या लख्ख झाल्या,’ हा अनुभव शंभर टक्के खरा असू शकतो, कारण त्या एलपी होत्या, विनाइलच्या. तोच बोळा आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर फिरवला तर संपलं. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. भारतात ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. जुन्या घरात दोन्ही प्रकार एकाच पेटीत सापडतात. जड, जाड, वाकवल्यावर न वाकता तुटेल अशी वाटणारी असेल तर लाखेची समजा. शंका असली तरी लाखेचीच समजा. तिला डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, लेबल कोरडं, पाण्यात बुडवून ठेवायचं नाही आणि लगेच सुती कापडानं टिपायचं. पुराचा गाळ वाळलेला असेल तर कोरडा घासू नका. आधी पाण्यानं सैल करा, बारीक वाळू खाचा खरवडते.

सुईचंही तेच. एलपीची सुई टोकाला १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ ची ७५ च्या आसपास. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी लोळते, खरखर ऐकवते, आणि मग ‘जुन्या तबकड्यांत आता काही राहिलं नाही’ असं सांगितलं जातं. तबकडीवर सुईचं वजन किती ठेवायचं तो आकडा सांगताना कार्ट्रिजचं, म्हणजे सुई बसते त्या डबीचं, नाव हवंच. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई ला २ ग्रॅम, १.८ ते २.२ च्या मध्ये. ऑर्टोफोनच्या टू-एम रेडला १.८. ‘दोन ग्रॅम ठेवा’ एवढाच सल्ला अर्धा आहे. आणि ‘हलकं ठेवलं की तबकडी टिकते’ हा सपशेल उलटा. वजन कमी पडलं की सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती जास्त झिजतात.

नवीन यंत्र ‘शंभर तास वाजवल्यावर उघडतं’ या मताबद्दल फार लिहीत नाही. वूफरच्या सस्पेन्शनला सुरुवातीला थोडी ढिलाई येते हे खरं. वायरीला काही होत नाही. बाकीचं काम आपले कान करतात, त्यांना सवय होते. पन्नाशीनंतर वरचे सूर कमी ऐकू येतात. तेव्हा साठीच्या काकांनी १६ हजार हर्ट्झच्या ‘हवे’वर निरूपण करायला घेतलं की पोरांनी मान डोलवावी आणि चहा मागवावा.

एका ठिकाणी मात्र उपदेश करावाच, ‘माझा अनुभव’ वगैरे म्हणत बसू नये. अर्थिंग. स्पीकरमधून घूं आवाज येतो. कुणीतरी सांगतं, प्लगची अर्थिंगची जाड पिन काढा किंवा दोन पिनेचा कन्व्हर्टर लावा. आवाज खरंच जातो. ‘पाच वर्षं झाली, काही झालं नाही,’ हेही खरं. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ज्या दिवशी फाटेल त्या दिवशी ॲम्पच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील, आणि त्यांना जायला वाट उरेल ती हात लावणाऱ्याच्या अंगातून. इथं अनुभवाला किंमत नाही. पिन काढू नका, कुणाला काढू देऊ नका.

घूं शोधायचा तो असा. ॲम्पच्या मागच्या सगळ्या इनपुट वायरी काढा. तरीही आवाज राहिला तर दोष ॲम्पच्या आत, बहुधा फिल्टरचे कॅपॅसिटर थकलेत. त्यातून येणारा आवाज १०० हर्ट्झचा, जरा कर्कश. आवाज गेला असेल तर एकेक वायर परत लावा. केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स किंवा चार्जरवरचा लॅपटॉप जोडताच ५० हर्ट्झचा जाड घूं सुरू झाला तर तो जमिनीचा फेरा, दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला मिळाली आहेत. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, गेला तर खात्री. उपाय: सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, जमत असेल तर ऑप्टिकल वायर वापरा, नाहीतर सिग्नलच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. घराच्या अर्थिंगचीच शंका असेल तर इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ती कमकुवत होते.

ॲम्प उघडणाऱ्यांना आणखी एक. प्लग काढल्यावरही मोठे कॅपॅसिटर भरलेलेच असतात. १०,००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट असेल तर २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पंधरा सेकंद टर्मिनलांवर धरा, मग मीटर लावून खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून दाखवणारे वीर प्रत्येक गावात आहेत. कॅपॅसिटरचा पाय आणि स्वतःचा डोळा, दोन्ही पणाला लावतात.

मग अनुभव सांगायचा कसा? असा: ‘खोली दहा बाय बारा, स्लॅब दहा फूट, फरशी, मागं गादीचा दिवाण. साडेसहा इंची वूफर, भिंतीपासून सव्वा फूट. बसतो आठ फुटांवर. आधी अर्ध्या एमएमची सात मीटर वायर होती, आता दीडची आहे. पातळी मीटरनं जुळवली. आंधळी चाचणी केली नाही. बाया जरा आवळल्यासारखा वाटला, बाकी फरक कळला नाही.’ अर्ध्या मिनिटात सांगून होतं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याकडं वायर आधीच दीडची आहे, म्हणजे आपल्याला यातून काही मिळणार नाही. हजार रुपये वाचले. ‘आंधळी चाचणी केली नाही’ हे वाक्य गाळू नका. त्यानं सांगणाऱ्याची किंमत वाढते.

आणि दुसऱ्याच्या घरी ऐकायला गेलात तर पहिली दोन गाणी तोंड उघडू नये. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की जे ऐकू आलं ते सांगावं, काय विकत घ्या ते नाही. ‘खालचा एक सूर जास्त येतोय, तंबोऱ्याचा खर्ज तबल्याला झाकतोय’ एवढं पुरतं. मग विचारावं, ‘काका, खुर्ची फूटभर पुढं घेऊन बघू का?’ हो म्हणाले तर घ्यावी, तेच गाणं पुन्हा लावावं आणि त्यांनाच बसवून ऐकवावं. त्यांना फरक वाटला नाही तर वाद घालू नये, खुर्ची होती तिथं परत ठेवावी. त्यासाठी हलवायच्या आधी चारही पायांशी फरशीवर खडूची खूण केलेली असावी, कारण सहा इंचांनी चुकली तर काकांची नेहमीची बैठक मोडेल आणि ते वायरीला दोष देतील.